अक्षरांचे कारागीर : जावजी दादाजी

आज मजकूर वाचण्याची साधने पुष्कळ झाली आहेत. मोबाइलच्या पडद्यावर बातमी येते, संगणकावर ग्रंथ उघडतो, क्षणात हवा तो शब्द शोधता येतो. अशा काळात कागदावर छापलेल्या पुस्तकाची गरज उरली आहे का, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना एकोणिसाव्या शतकातील एका मुद्रकाचे चरित्र फार उपयोगी पडते. त्यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते. संस्कृत पंडित म्हणून ते कधी ओळखले गेले नाहीत. तरीही त्यांच्या छापखान्यातून निघालेले संस्कृत ग्रंथ काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पाठशाळांत आणि युरोपातील विद्यापीठांत प्रमाण मानले गेले. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी हे ते मुद्रक होत.

मुद्रणाचा आरंभकाळ

जावजींचा जन्म १८३९ साली झाला. त्या वेळी मराठी मुद्रणाला फार वर्षे झालेली नव्हती. १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले होते. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत आले आणि पुढे काही वर्षांतच त्यांनी छापखाना सुरू केला. या छापखान्यात अनेक एतद्देशीय तरुणांनी मुद्रणाचे पहिले धडे गिरवले. त्यांपैकी गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठी पंचांग शिळाप्रेसवर छापून प्रसिद्ध केले.

छापील पुस्तकाकडे त्या काळी समाज संशयाने पाहत असे. छपाईच्या शाईत चरबी असते, म्हणून धर्मग्रंथ छापणे अथवा छापील ग्रंथ पूजेत ठेवणे योग्य नाही, असे अनेकांना वाटे. पोथी हातानेच लिहिलेली असावी, अशी परंपरा होती. परंतु हस्तलिखिताला मर्यादाही होत्या. एक पोथी उतरून काढण्यास कित्येक महिने लागत. नकल करणाऱ्याच्या हातून एखादे अक्षर गळले, एखादी ओळ सुटली, की ती चूक पुढच्या प्रत्येक नकलेत उतरत असे. वाळवी, दमट हवा आणि आग यांमुळे कित्येक ग्रंथ कायमचे नाहीसे झाले. ज्याच्या घरी पोथी असे त्याच्या मर्जीवरच इतरांचे वाचन अवलंबून राही. ही परिस्थिती बदलण्याचे सामर्थ्य मुद्रणात होते. मात्र त्यासाठी सुबक अक्षर, शुद्ध मजकूर आणि परवडणारी किंमत या तीन गोष्टी एकत्र येणे आवश्यक होते. जावजींच्या जीवनकार्याचे सार या तीन गोष्टींत सामावलेले आहे.

दोन रुपयांची नोकरी

जावजींच्या घरची परिस्थिती अत्यंत बेताची होती. शिकण्याच्या वयात त्यांना कमाईसाठी बाहेर पडावे लागले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. काम होते खिळे घासण्याचे आणि पगार होता महिना दोन रुपये.

छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या धातूच्या सुट्या अक्षरांना खिळे अथवा टाइप म्हणत. प्रथम पोलादाच्या कांडीच्या टोकावर उलटे अक्षर कोरून ठसा तयार करीत. तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की तेथे अक्षराचा खोलगट आकार उमटे. हा तुकडा साच्यात बसवून त्यात शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला मिश्र धातू ओतीत. थंड झाल्यावर जो खिळा बाहेर पडे, त्याच्या कडा खडबडीत असत. त्या घासून सर्व खिळे एकसारख्या मापाचे करावे लागत. एखादा खिळा केसभर उंच राहिला तर तो कागदात रुतून बसे. केसभर बुटका राहिला तर त्याचे अक्षर पुसट उठे. म्हणजे वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या कामावर सबंध पानाचा उठाव अवलंबून असे.

या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाचे एक कुशल कारागीर होते. देवनागरी अक्षरांचे ठसे कोरण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांच्या हाताखाली काम करताना लहानग्या जावजींनी खिळे घासता घासता ठसा कसा कोरतात, साचा कसा बसवतात, धातूचे मिश्रण कसे जमवतात, हे सर्व बारकाईने पाहिले. छापखाना हीच त्यांची शाळा ठरली. पुढे मुंबईतील इतर छापखान्यांतही त्यांनी काम केले. इंदुप्रकाश हा त्यांपैकी एक होय. निरनिराळ्या ठिकाणी काम केल्यामुळे मुद्रणव्यवसायातील सर्व अंगोपांगांची त्यांना माहिती झाली आणि उत्तम खिळ्यांची किती उणीव आहे, हेही त्यांच्या ध्यानी आले.

देवनागरीचे आव्हान

इंग्रजी भाषेची मुळाक्षरे सव्वीस. लहान-मोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे धरूनही खिळ्यांचे प्रकार मर्यादितच राहतात. देवनागरीची गोष्ट वेगळी आहे. येथे व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी, उकार लागतात. अनुस्वार आणि रेफ डोक्यावर बसतात. अक्षरे एकमेकांत मिसळून जोडाक्षरे होतात. संस्कृतमध्ये तर तीन-तीन, चार-चार व्यंजनांची जोडाक्षरे येतात. या सर्वांसाठी शेकडो प्रकारचे खिळे लागतात. ते वेगवेगळ्या खणांत ठेवायचे, जुळाऱ्याने नेमका हवा तो खिळा उचलून उलट्या अक्षरांची ओळ जुळवायची, आणि छापल्यावर मात्र शिरोरेषा सलग दिसली पाहिजे, मात्रा अक्षरापासून सुटता कामा नये, असे हे अवघड काम होते.

त्यातच ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न असतो. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा अथवा सारथी. एका वेलांटीच्या किंवा उकाराच्या फरकाने अर्थ बदलतो. म्हणून देवनागरी मुद्रणात खिळ्याचे वळण आणि मजकुराची शुद्धता या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत. अक्षर अस्पष्ट असेल तर वाचणारा चुकतो, आणि तीच चूक खरी मानून पुढे शिकवली जाते.

१८६४ साली जावजींनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना सुरू केला. हाताशी भांडवल थोडे होते. खरे भांडवल होते ते पंधराएक वर्षांच्या अनुभवाचे. या कामी त्यांना राणोजी रावजी आरू यांची मोलाची साथ लाभली. राणोजी हे ठसे कोरणारे असामान्य कलावंत होते. दोघांनी मिळून देवनागरी अक्षरांची डौलदार, ठसठशीत आणि प्रमाणबद्ध वळणे सिद्ध केली. बोरूने लिहिलेल्या पोथीच्या अक्षराचे सौंदर्य त्यांनी धातूत आणले. जाड-बारीक रेघांचा मेळ, जोडाक्षरांची सुबक मांडणी आणि लहान आकारातही टिकणारी स्पष्टता हे या वळणांचे विशेष होते. लहान अक्षर स्पष्ट उठू लागल्यामुळे एका पानावर अधिक मजकूर बसू लागला. त्यामुळे कागद वाचला आणि पुस्तकाची किंमत कमी ठेवता आली. कारागिरीतील सुधारणा अशा रीतीने थेट वाचकाच्या खिशापर्यंत पोहोचली. लवकरच इतर छापखान्यांकडूनही या खिळ्यांना मागणी येऊ लागली.

निर्णयसागरची स्थापना

१८६९ साली जावजींनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. मुंबईतील काळबादेवी भागातील कोलभाट गल्ली हे त्याचे ठिकाण पुढे सबंध देशातील विद्वानांच्या परिचयाचे झाले. छापखान्याच्या आरंभीच्या कामांत पंचांगाला महत्त्वाचे स्थान होते. पंचांग ही घराघरांत लागणारी वस्तू. तिथी, नक्षत्र, सण आणि मुहूर्त पाहण्यासाठी त्याचा नित्य उपयोग होई. आकड्यांनी भरलेल्या त्या कोष्टकांत एक अंक चुकला तरी सणाचा दिवस चुकण्याचा धोका असे. त्यामुळे निर्दोष छपाईची शिस्त छापखान्याला प्रारंभापासूनच लागली.

परंतु जावजींची दृष्टी पंचांगापुरती मर्यादित नव्हती. संस्कृत वाङ्मयातील उत्तमोत्तम ग्रंथ शुद्ध स्वरूपात आणि सामान्य विद्यार्थ्याला परवडेल अशा किमतीत छापावेत, असा त्यांचा संकल्प होता. आपले शिक्षण अपुरे आहे याची त्यांना जाणीव होती. म्हणून त्यांनी जाणत्या पंडितांना छापखान्याच्या कामात सहभागी करून घेतले. काशिनाथ पांडुरंग परब यांच्यासारख्या विद्वानांनी निरनिराळ्या ठिकाणच्या हस्तलिखितांची तुलना करून पाठ निश्चित केले. जेथे हस्तलिखितांत भेद असे, तेथे दुसरा पाठ तळटीपेत देण्याची पद्धत ठेवली. छापण्यापूर्वी मुद्रिते पुनःपुन्हा तपासली जात. ग्रंथाची शुद्धता ही पंडिताची जशी जबाबदारी, तशीच ती मुद्रकाचीही आहे, हे तत्त्व या छापखान्याने कृतीत आणले.

काव्यमाला

या प्रयत्नांचे सर्वांत मोठे फळ म्हणजे काव्यमाला ही ग्रंथमाला होय. ती १८८६ साली सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक होते. तोपर्यंत अप्रकाशित राहिलेली संस्कृत काव्ये, नाटके आणि साहित्यशास्त्रावरील ग्रंथ शोधून ते या मालेतून क्रमाने प्रसिद्ध करण्यात आले. हस्तलिखिते जयपूर, काश्मीर अशा दूरदूरच्या प्रांतांतून मिळवावी लागत. ती छापली जात मुंबईत, आणि वाचली जात सबंध देशात. रेल्वे आणि टपाल यांच्या साहाय्याने एका प्रांतातील ज्ञान दुसऱ्या प्रांतात पोहोचवण्याचे कार्य या छोट्या छोट्या पुस्तकांनी केले.

या मालेचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. काश्मीरमधील आनंदवर्धन यांनी नवव्या शतकात ध्वन्यालोक हा साहित्यशास्त्रावरील ग्रंथ रचला. काव्यात शब्दांच्या सरळ अर्थापलीकडे जो अर्थ सुचवला जातो, त्याचे विवेचन त्यात आहे. भारतीय काव्यविचारात या ग्रंथाचे स्थान फार मोठे आहे. तरीही कित्येक शतके तो मोजक्या हस्तलिखितांतच राहिला होता. १८९१ साली तो काव्यमालेत छापला गेला आणि कोणत्याही अभ्यासकाला टपालाने मागवून घेता येऊ लागला. जगन्नाथ पंडिताचा रसगंगाधर हा ग्रंथही याच मालेत आला. भरतमुनींचे नाट्यशास्त्र १८९४ साली काव्यमालेतून प्रसिद्ध झाले, परंतु ते पाहण्यास जावजी हयात नव्हते.

संस्कृत ग्रंथांबरोबरच मराठी वाचकांकडेही जावजींचे लक्ष होते. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली मुलांसाठी बालबोध हे मासिक सुरू केले. त्याच्या प्रकाशनाची बाजू निर्णयसागरने सांभाळली. चरित्र, कविता, शास्त्रीय माहिती असा सोपा आणि बोधप्रद मजकूर त्यात असे. ओकांनी १९१४ साली आपल्या निधनापर्यंत ते चालवले. मराठीतील जुन्या कवींच्या रचना एकत्र आणण्यासाठी १८९० साली काव्यसंग्रह हे मासिक निघाले. वामन दाजी ओक यांच्यासारख्या व्यासंगी संपादकांच्या परिश्रमामुळे मोरोपंत, वामन पंडित आदी कवींच्या कविता छापील रूपात सुरक्षित झाल्या.

अखेर आणि वारसा

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्नच्या आसपास होते. दोन रुपये पगारावर खिळे घासणाऱ्या मुलाने देशातील अग्रगण्य छापखाना मागे ठेवला होता. त्यांच्यानंतर तुकाराम जावजी, पांडुरंग जावजी आणि पुढे सत्यभामाबाई पांडुरंग यांची नावे निर्णयसागरच्या ग्रंथांवर प्रकाशक म्हणून दिसतात. कामाची परंपरा त्यांनी कायम राखली. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली चरकसंहिता १९४१ साली येथूनच प्रसिद्ध झाली. आयुर्वेदाचे विद्यार्थी आणि अभ्यासक आजही तिचा आधार घेतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुद्रणाचे तंत्र बदलले. खिळ्यांची जागा प्रथम छायाक्षरजुळणीने आणि नंतर संगणकाने घेतली. शिशाचे खिळे वितळवले गेले, खिळ्यांचे खण रिकामे झाले आणि निर्णयसागरची यंत्रेही थांबली. जावजींचे कार्य मात्र संपले नाही. निर्णयसागरच्या जुन्या आवृत्त्यांची छायाचित्रे घेऊन इतर प्रकाशकांनी त्या पुन्हा छापल्या. त्याच आवृत्त्यांच्या प्रतिमा आता संगणकावर उपलब्ध झाल्या आहेत. पडद्यासाठी देवनागरी अक्षरे घडवणाऱ्या आजच्या अक्षररचनाकारांनीही निर्णयसागरच्या वळणांचा अभ्यास केला आहे. मोबाइलवर एखादा संस्कृत ग्रंथ उघडणारा वाचक पुष्कळदा, नकळत, जावजींच्या परंपरेतील खिळ्यांनी उमटवलेले पानच पाहत असतो.

छापील शब्दाचे मोल

येथे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पडद्यावरील मजकूर वेगाने पोहोचतो, थोड्या खर्चात असंख्य लोकांना मिळतो आणि त्यात शोध घेणे सोपे असते. दूरच्या गावातील विद्यार्थ्याला दुर्मीळ ग्रंथ घरबसल्या वाचता येणे, ही लहान गोष्ट नव्हे. जावजी आज असते तर स्वस्त आणि सर्वांपर्यंत पोहोचणाऱ्या या साधनाचे त्यांनी स्वागतच केले असते, असे त्यांच्या कार्यावरून म्हणता येते.

परंतु वेगाबरोबर काही धोकेही येतात. पडद्यावरील मजकूर कोणीही, केव्हाही बदलू शकतो, आणि काल काय लिहिले होते याची खूण उरतेच असे नाही. एखाद्याचे नाव घालून कोणताही मजकूर पुढे पाठवता येतो. यंत्र बिघडले, साठवण्याची पद्धत जुनी झाली, तर सर्व संग्रह वाचता न येण्याची भीती असते. छापील पुस्तकाचे तसे नसते. एकदा छापलेल्या आवृत्तीच्या शेकडो प्रती निरनिराळ्या गावांत, ग्रंथालयांत आणि घरांत जातात. त्यांतील एकही प्रत गुपचूप बदलता येत नाही. शंका आल्यास दोन प्रती शेजारी ठेवून पडताळा घेता येतो. पुस्तकावर संपादकाचे, मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव असते, छपाईचे वर्ष असते. म्हणजेच मजकुराची जबाबदारी कोणीतरी उघडपणे घेतलेली असते. ते वाचण्यासाठी विजेची अथवा यंत्राची गरज लागत नाही. चांगल्या कागदावरील पुस्तक शंभर वर्षांनंतरही हातात घेऊन उघडता येते.

छापले म्हणजे ते खरेच असते, असे मात्र समजू नये. घाईने आणि निष्काळजीपणे छापलेली, चुकांनी भरलेली पुस्तके जावजींच्या काळीही निघत आणि आजही निघतात. छापील शब्दाला विश्वास मिळतो तो कागदामुळे नव्हे, तर त्यामागील परिश्रमांमुळे. हस्तलिखिते पडताळणारे पंडित, ठसे कोरणारे राणोजी, खिळे जुळवणारे जुळारी आणि मुद्रिते तपासणारे अनाम कामगार या सर्वांच्या दक्षतेतून निर्णयसागरचा लौकिक उभा राहिला. हीच दक्षता पडद्यावरील मजकुराला लाभली, तर त्यालाही तसाच विश्वास मिळेल. साधन बदलले तरी शुद्ध मजकूर वाचकाच्या हाती देण्याचे कर्तव्य बदलत नाही.

जावजी दादाजींना परिस्थितीमुळे शाळा लवकर सोडावी लागली, तरी त्यांचे शिकणे थांबले नाही. जे काम वाट्याला आले त्यातूनच ते शिकत गेले, आणि स्वतःला न मिळालेल्या विद्येची दारे त्यांनी सहस्रावधी वाचकांना उघडून दिली. निर्णयसागरचे एखादे जुने पुस्तक ग्रंथालयात पाहण्यास मिळाले, तर त्याचे पान निरखून पाहावे. कागद पिवळा पडलेला असेल, बांधणी सैल झालेली असेल. पण अक्षर अजून काळेभोर, रेखीव आणि स्पष्ट दिसते. दोन रुपयांच्या त्या नोकरीत एका मुलाने प्रत्येक खिळा सारख्या मापाचा करण्याची जी सवय लावून घेतली, तिचे फळ त्या पानावर आजही वाचता येते.